गप्पीदासाची वाट पाहताना : कनेरगाव नाक्याजवळचा एक माळ

आधी खुशाली, मग बाकीचं.

मिरजेच्या वहिनी, गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो असं लिहिलं होतंत. दाराच्या बिजागरीला घालतो तसं त्यालाही रोज थोडं तेल दाखवा. चिपळूणचे काका, मोतीबिंदू निघाला असेल आता. डोळ्यांत थेंब घालायचा आळस करू नका, नाहीतर पुढचं एवढं लांबलचक कोण वाचणार? नागपूरच्या ताई, सासूबाई उठून बसायला लागल्या का? त्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या हातचा लसणाचा ठेचा मी अजून विसरले नाही हेही सांगा. आणि पुण्याच्या भाच्या, तुझा खोकला गेला की तू अजून तो पाळतोयस? माझं विचाराल तर कंबर अधूनमधून शिवणयंत्राची आठवण काढते, पण पाय चांगले आहेत. पाय चांगले आहेत म्हणून तर हे लिहायला मिळतंय.

तर झालं असं. माझी मावसबहीण सुंदरा हिंगोली जिल्ह्यात दिलेली. वाशीमच्या रस्त्यावर कनेरगाव नाका लागतो, तिथून थोडं आत तिचं गाव. दसरा झाला आणि एका सकाळी तिचा फोन.

"आक्का, तू दुर्बिनीतून पाखरं बघतीस ना?"

"बघते की."

"मंग पिशवी भर आन् ये. आमच्या घरात पाखरावरून दोगं भाऊ हटून बसलेत."

मला आधी वाटलं थट्टा करतेय. पण थट्टा नव्हती. सुंदराचे यजमान किसनराव आणि धाकटा दीर भारत, दोघांच्या सामाईक जमिनीत घरामागे दोनेक एकर माळ आहे. मुरमाड, गवताळ, कधी नांगर न लागलेला. किसनरावांचा त्याच्यावर जीव. काही वर्षांमागे बैलगाडीवरून पडून त्यांचा पाय मोडला, तेव्हा तो सगळा हिवाळा ते माळाच्या कडेला बाजेवर पडून होते. घरचे रानात, हे एकटे. अशा वेळी एक चिमणीएवढं पाखरू समोरच्या बोराटीच्या शेंड्यावर येऊन बसायचं. सकाळी यायचं, दिवस मावळेपर्यंत त्याच शेंड्यावर. उन्हाळा लागला आणि ते गेलं. पुढच्या नवरात्रात बघतात तर पुन्हा तिथेच हजर! तेव्हापासून दर हिवाळ्याला ते येतं, आणि किसनराव त्याला 'पाव्हणा' म्हणतात.

भारतचं म्हणणं वेगळं. त्याने विहिरीवरून नवी पाइपलाइन आणलीय. "कुरुंद्याकडं जाऊन बघा, हळदीवर लोकांनी बंगले बांधलेत. आन् आमी गवत सांभाळून राहिलो," असं तो म्हणतो. त्यातही खोटं काही नाही. नांगरट करायची, उन्हाळ्यात तलावाचा गाळ टाकायचा, पाऊस पडला की हळद लावायची, असं त्याने मनात सगळं आखून ठेवलेलं.

उन्हाळाभर दोघांची धुसफूस चालली. शेवटी एके दिवशी जेवताना भारत बोलून गेला, "दादा, वसुबारसेपर्यंत तुझा पाव्हणा आला तर माळ तुझा. पुन्हा नांगराचं नाव काढत न्हाई. न्हाई आला तर ट्रॅक्टर माझा." किसनरावांनी घास खाली ठेवला आणि "चालंल" म्हणाले. झालं! शब्द दिला, घेतला. आणि यंदा नवरात्र गेलं, दसरा गेला, कोजागरीचं दूध पिऊन झालं, तरी पाहुण्याचा पत्ता नाही.

"तू पाखरं वळखतीस. तू सांगशील ते दोगं बी ऐकायचं म्हनलेत," सुंदरा म्हणाली. "तू आलीस की समदं बराबर होईल."

त्या 'बराबर'मध्ये काय काय होतं ते मला तिथे गेल्यावर कळलं.

आता वाटेचं सांगते, कारण तुमच्यातले पुष्कळ जण तेच विचारतात. जालन्याहून हिंगोलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ नाही. मंठा, जिंतूर, मग औंढ्याचे डोंगर. रस्ता बराचसा चांगला आहे, पण मधे मधे गाडी अशी उडते की पोटातला चहा परत भेटायला येतो. खिडकीची जागा घ्या. कापलेल्या सोयाबीनची रानं, मधूनच पिवळ्या फुलांवर आलेली तूर, आणि कापसाची पहिली वेचणी. औंढ्याच्या पुढे तर एका ठिकाणी हळदीच्या पानांचा वास गाडीत शिरला आणि सगळी एसटी देवघरासारखी झाली.

माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून कंडक्टर म्हणाला, "आजी, कोनावर नजर ठेवून राहिल्या?"

"पाखरावर."

"मंग आमच्या ड्रायव्हरवर ठेवा. हे पाखरू प्रत्येक स्टँडला चहाला उतरतं आन् परत येतच न्हाई."

हिंगोलीहून वाशीमकडे जाणारी गाडी मिळते, किंवा माणसं भरली की सुटणारी जीप. जीपमध्ये शहाण्या माणसाने मधे बसावं, कडेला बसलं की अर्धं अंग जिल्ह्याबाहेर राहतं. नाक्यावर उतरले तर भारत मोटारसायकल घेऊन उभा. चाळिशीचा, हसरा, कानात वाळी. "बसा आक्का. पाव्हणा तर आला न्हाई, पाव्हणी तरी आली," असं म्हणून त्याने माझी पिशवी टाकीवर घेतली. असल्या माणसावर रागावणं जड जातं बघा.

घरी पाय धुतले, चहा झाला आणि सुंदरा मला ओढतच माळाकडे घेऊन गेली. तिचा चेहरा नुसता उजळलेला. "बघ, कसं केलंय!"

आणि खरंच, काय लख्ख केला होता तो माळ! गवत कापून गंजी रचलेली. बांध न् बांध झाडल्यासारखा. बोराट्या, तरवडाच्या वाळक्या काड्या, काटेरी झुडपं, सगळं मुळासकट काढून जाळलेलं. नवरात्राच्या आधी आपण घर झाडून सारवून घेतो ना, तसं हिने दोन बायका लावून रान झाडून घेतलं होतं. कडेचे दगडसुद्धा ओळीने मांडलेले. मधोमध परातीत पाणी आणि शेजारी मूठभर ज्वारी.

"अगं, हा दाणे खात नाही. किडे खातो," मी म्हटलं.

"मंग आता काय किडे रांधू व्हय त्याच्यासाठी?"

आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, "पण किती छान ठेवलंयस गं! माझं अंगणसुद्धा इतकं स्वच्छ नसतं." ती खूश झाली. गंजीजवळ किसनराव बसले होते. थोराड अंगाचा, कमी बोलणारा माणूस. ते जिथे बोराटी होती त्या जागेकडे बघत होते.

आता हा पाहुणा कोण, ते सांगते. सुंदराने फोनवर वर्णन केलं तेव्हाच मी ओळखलं होतं. गप्पीदास. आपल्या हाताच्या मुठीत दोन मावतील एवढा. वजन म्हणाल तर मूठभर चुरमुऱ्यांचं. नाव गप्पीदास, पण आपल्याकडे फारसा बोलत नाही. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा 'चक् चक्' करतो आणि गप्प. गाणं त्याचं आहे, पण ते तो माहेरी ठेवून येतो. त्याचं माहेर पार उत्तरेला, हिमालयाच्याही पलीकडे, सायबेरियाच्या थंड गवताळ रानांत. तिथे अंडी, तिथे पिल्लं, तिथेच गाणी. थंडी पडायला लागली की हा चुरमुऱ्यांच्या वजनाचा जीव एकटा निघतो. जाणकार सांगतात की प्रवास बहुतेक रात्रीचा, दिवसा कुठेतरी उतरून किडे खायचे आणि अंधार पडला की पुन्हा उडायचं. डोंगर, वाळवंट, नद्या ओलांडत तो इथवर येतो. आणि इथे म्हणजे नुसतं 'भारतात' नव्हे हं! गेल्या हिवाळ्यात ज्या रानात राहिला, पुष्कळदा तेच रान गाठतो.

मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, शाळा सातवीत सुटली. पक्ष्यांचं जे कळलं ते उसन्या पुस्तकांतून आणि दारात उभं राहून बघून. पण या पक्ष्याची एक गोष्ट वाचली तेव्हा मी कात्री खाली ठेवली होती. हिवाळ्यात नर मळकट दिसतो, तपकिरी, धुळकट. वसंतात बघावा तर डोकं काळंभोर, मानेवर पांढरा पट्टा, छाती नारिंगी. आपल्याला वाटावं याने नवे कपडे घेतले. छे! कपडे तेच. नव्या पिसांना तपकिरी कडा असतात; हिवाळाभर गवतात-वाऱ्यात वावरून त्या कडा झिजतात आणि आतला खरा रंग उघडा पडतो. आमच्या धंद्यात झिजलं की जुनं होतं. देवाच्या दुकानात झिजलं की लग्नाचा पोशाख तयार होतो. असा कापडवाला मला अजून भेटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी माळावर. वसुबारसेला एकच दिवस उरलेला. चणे-फुटाणे बरोबर ठेवा, आणि साडी असो वा पँट, मोजे घाला. कुसळं अशी शिरतात की सुईला लाज वाटावी. थोड्या वेळाने सुंदरा चहाची किटली घेऊन आली आणि शेजारी बसली. दव होतं. चंडोल उडत होते, तिरचिमण्या शेपट्या हलवत चालत होत्या. दुर्बिणीतून सगळं धुंडाळलं, पण गप्पीदास नाही.

ऊन जरा वर आलं आणि गंजीच्या टोकावर एक पाखरू येऊन बसलं. छोटंसं. शेपटी झटकली. खाली उतरलं, किडा टिपला, परत टोकावर.

"आला!" सुंदरा ओरडली. "अवो, आला की! या!"

किसनराव लंगडत धावत आले. मोडलेल्या पायाने माणूस असा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मागून भारत दुधाची किटली हातात तशीच घेऊन आला. तिघं उभे, आणि तिघांच्या नजरा पाखरावर नव्हत्या. माझ्यावर होत्या.

मी दुर्बीण लावली. काळं अंग, पंखावर पांढरा ठिपका, कमरेवर पांढरं. कवडा गप्पीदास. नात्याने भाऊबंद खरा, पण इथलाच, बारमाही, तारेवर-कुंपणावर रोज दिसणारा.

सुंदराने माझ्या दंडाला बारीक चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "आक्का, व्हय म्हन."

तेव्हा मला 'बराबर'चा अर्थ कळला. खोटं कशाला सांगू, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. भारतला काय कळणार होतं? पाखरू तेवढंच, शेपटी तशीच झटकतंय, एक अक्षर बोललं की माळ वाचतोय. पण मग माझ्या मनासमोर तो दुसरा आला, अजून कुठेतरी वाटेत असेल तो. इतक्या लांबून यायचं आणि आपल्या नावावर दुसराच कुणी जेवून गेलेला बघायचं, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"हा तो नाही," मी म्हटलं. "हा घरचाच आहे. बारा महिने इथेच असतो."

किसनराव हळूहळू दगडावर बसले. मग म्हणाले, "बरं झालं खरं बोललात. खोट्या पाव्हण्याला पाट दिला तर खरा दारातून माघारी जाईल."

भारत जिंकला होता, पण हसला नाही. किटली या हातातून त्या हातात घेतली. "मंग आज सांजच्याला मेंढ्या येऊन राहिल्या," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माळावर बसवतो. खत तरी व्हईल. तसा वसुबारसेचा दिवस हाय अजून, शब्द म्हंजे शब्द."

त्या दुपारी सुंदराने मला भाकरी वाढली, पण ताट असं सरकवलं की भाकरी उतरून पळेल. नंतर आम्ही वसुबारसेच्या सामानासाठी नाक्यावर गेलो. नाक्यावरच्या ढाब्यांवर पिठलं-भाकरी चांगली मिळते, वर कच्चा कांदा आणि तळलेली मिरची. बसून खा, घाई करू नका. मी तिला चहा पाजला. ती ट्रकांकडे बघत होती.

"तुझं एक 'व्हय' काहून इतकं जड झालं, आक्का?"

"मी खोटं बोलले असते तर पुढच्या वर्षी तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास?"

"पुढच्या वर्षी माळच नसल. इश्वास घेऊन काय चाटायचाय?"

मी माझी बिस्किटं तिच्या बशीत ठेवली. तिने एक खाल्लं. भांडण अर्धं मिटलं.

संध्याकाळी मेंढ्या आल्या. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिकं निघाली की धनगर आपला कळप शेतकऱ्याच्या रानात मुक्कामाला बसवतात. रात्रभर मेंढ्या एका कुंपणात दाटीने बसतात, सकाळी रानाला आयतं लेंडीखत. बदल्यात शेतकरी धान्य देतो. एक-दोन रात्रींनंतर कुंपण पुढे सरकतं, असं करत सगळं रान खतवतात. कळपाची मालकीण जनाबाई, माझ्याच वयाची, पायात पुरुषी वहाणा, हातात काठी, बोलणं तोफेसारखं.

"जाळी फाटलीय," तिने आल्या आल्या जाहीर केलं. "काल कुत्र्यानं पार चिंध्या केल्या. आज कशात कोंडू मेंढ्या? तुझ्या धोतरात?"

"मी धोतर कुठं नेसतो, मावशी?" भारत म्हणाला.

"मंग काट्या आन! पैल्या काळी काय जाळ्या व्हत्या?"

आता माळावर काट्या कुठल्या? सुंदराने सगळ्या जाळून टाकलेल्या. भारत आणि किसनराव, दोघं भाऊ किसनरावांचीच बैलगाडी जुंपून ओढ्याकडे गेले आणि बाभळीच्या मोठमोठ्या फांद्या तोडून आणल्या. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले, पण काटे टोचायला लागल्यावर बोलावंच लागतं. "तिकून धर." "हळू, पाय सांभाळ." अंधार पडायच्या आत माळाच्या मधोमध काट्यांचं गोल कुंपण उभं राहिलं. वाकड्यातिकड्या फांद्या, वर निघालेले शेंडे. सुंदराच्या त्या सारवलेल्या माळावर असं दिसत होतं की जणू झाडून घेतलेल्या ओसरीवर कुणी सरपण ओतलंय. तिने कपाळाला हात लावला.

वसुबारसेच्या सकाळी मी दुर्बीण घेतलीच नव्हती. आता काय बघायचं होतं? जनाबाईला चहा द्यायला म्हणून निघाले. मेंढ्या चरायला निघाल्या होत्या, कुंपण रिकामं होतं, आणि जमिनीवरच्या लेंड्यांवर माशा घोंगावत होत्या.

जनाबाई काठीला टेकून उभी. "ह्ये कोन हाय गं?" तिने हनुवटीनेच दाखवलं. "उजाडल्यापासनं माझ्या कुपावर बसून माशा खाऊन राहिलंय. घाबरत बी न्हाई."

बाभळीच्या सगळ्यात उंच शेंड्यावर, दोन पांढऱ्या काट्यांच्या मधे, तो बसला होता.

मळकट, तपकिरी, छातीवर फिकट नारिंगी. डोक्यावर अजून धुळीचा रंग, खाली काळा दडलेला. शेपटी उडवली. मान कलती केली. पान गळावं तसा खाली उतरला, गवताच्या बुडख्यातून काहीतरी उचललं आणि परत नेमक्या त्याच काट्यावर. तिथे शंभर शेंडे होते, पण याला तोच हवा होता.

बायांनो आणि बाबांनो, मला हे सांगता येत नाही, तरी सांगते. माझ्यासमोर जे बसलं होतं त्याने डोळ्यांनी बर्फाचे डोंगर बघितले होते. त्याला कुणी वाट दाखवली नव्हती, बरोबर कुणी नव्हतं. आणि एवढं सगळं ओलांडून तो कुठे आला होता? तर ज्याचं नाव नकाशात शोधावं लागतं अशा गावाच्या मागे, एका काट्यावर. माझ्या हातातला चहा सांडला तो मला पायाला चटका बसल्यावर कळला.

मी हाक मारली नाही. हाक मारायचं धैर्यच झालं नाही. पण माझ्याकडे बघून सुंदरा आली, मग किसनराव. ते दूरच थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, आणि तसेच उभे राहिले.

"आक्का," सुंदरा कुजबुजली, आता चिमटा नाही, काही नाही, "आज खरं सांग."

"तोच आहे. लांबून आलेला."

ती बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिली. मग उरलेल्या उघड्या, साफ माळाकडे. आणि तिच्या लक्षात आलं, माझ्याही, तिच्याबरोबरच. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हंजे मीच त्याची खुर्ची काढून जाळली की! येऊन बसल कुठं बिचारा?"

या पक्ष्याला उंचावरून जमीन दिसावी लागते. शेंडा नाही तर शिकार नाही, शिकार नाही तर मुक्काम नाही. आम्ही दोघी जन्मभर झाडू मारत आलेल्या बायका; पाहुणा येणार म्हटलं की आधी कचरा काढणार. आणि मी दुर्बीणवाली शहाणी, मीच तिला 'छान ठेवलंयस' म्हटलं होतं!

तेवढ्यात भारत आला. आम्हाला टक लावून उभं बघून त्याने मोटारसायकल लांबच बंद केली होती, पण किसनराव उत्साहाने मोठ्याने म्हणाले, "भारत, बघ रे, बघ!"

"हळू बोल ना, दादा!" भारत दबक्या आवाजात खेकसला. "उडून जाईल त्ये."

आणि मग तोच चवड्यावर बसला. मी माझी दुर्बीण घरातून आणून त्याच्या हातात दिली. आधी उलटीच धरली त्याने. मग सरळ केली आणि बघतच राहिला. पाखरू उतरलं, चढलं, उतरलं, चढलं. भारतचं तोंड उघडं ते मिटेना. तो हिमालयापलीकडून येतो हे मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "ह्ये एवढंसं? ह्ये तिकून आलंय? एकटं?"

"एकटं."

"आन् मी हिंगोलीला जायाचं तर सोबत शोधतो." त्याने पुन्हा दुर्बीण लावली. "तोच हाय का पर, दरसालचा?"

ते मला माहीत नव्हतं, आणि तसंच सांगितलं. त्याच्या अंगावर काही खूण नाही. तो असेल, त्याचा कुणी भाईबंद असेल. किसनराव मात्र नुसते हसले. त्यांच्या मते, तोच आहे हे त्यांच्या मोडलेल्या पायाला पक्कं माहीत होतं.

भारत उठला, बांधापलीकडे गेला आणि फोन लावला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "ट्रॅक्टर उद्या नको... न्हाई, पुढच्या आठवड्यात बी नको. हळद खालच्या रानात बघू, जमल तेवढी... आता काहून म्हंजे काय? घरी पाव्हणे आलेत!"

परत आला तो गंभीर तोंडाने. "दादा, एक ध्यानात ठेव. काट्या मी तोडल्यात. म्हंजे पाव्हणा माझा."

"बैल माझे व्हते," किसनराव म्हणाले.

"अरे, मेंढ्या माझ्या हायत ना? माशा फुकट आल्या व्हय?" जनाबाई तिकडून कडाडली. पाखरू जरासुद्धा हललं नाही.

संध्याकाळी सुंदराने दारात गाय-वासराची पूजा केली. ओवाळलं, पुरणाचा घास दिला. मग ताट तसंच घेऊन माळाकडे चालू लागली. मी मागोमाग. कुंपणाशी जाऊन तिने त्या बाभळीच्या फांदीला हळद-कुंकवाचं बोट लावलं. काट्याला हळद-कुंकू वाहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मागून भारत म्हणाला, "झाली एकदाची माळावर हळद."

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर दसरा ते होळी हा काळ धरा. रान कुणाचं तरी असतं, आधी विचारा. चहा मिळेल, नाही म्हणायची सोय नाही. गाडी बांधावर घालू नका. पक्ष्याच्या मागे धावू नका, एका जागी बसा. तोच तुमच्या समोर येऊन बसेल. आणि कृपा करून माळावर कुणाचं काही साफ करू नका.

दुसऱ्या दिवशी जनाबाईचं कुंपण पुढच्या तुकड्यात सरकणार होतं. काट्या ती उचलणारच. भारतने तिच्याकडून ती एक उंच फांदी मागून घेतली आणि जुन्या बोराटीच्या जागी खड्डा करून, दगड ठासून, उभी केली. किसनरावांनी ती हलवून बघितली. पक्की होती. मला नाक्यावर सोडायला या वेळी दोघंही भाऊ आले, एकाच मोटारसायकलवर, मी मधे. कुणाच्या नजरेला पडलो असतो तर मोठी शोभा झाली असती.

आता घरी आहे. ती साडी धुतली तरी काठात एक कुसळ अजून रुतून बसलंय. शिवणाऱ्या बाईच्या साडीत कुसळ राहावं ही लाजिरवाणी गोष्ट, पण ओढून काढवत नाही. दिवाळीची झाडलोट करताना अंगणातली एरंडाची वाळकी काडी उपटायला वाकले आणि तशीच सरळ झाले. राहू दे. कुणाची खुर्ची असेल काय सांगता येतं!

आणि एक नवीन सुरू झालंय. रोज सकाळी चहाच्या वेळी फोन वाजतो. किसनरावांचा नाही, सुंदराचाही नाही. भारतचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. एवढंच सांगतो, "आक्का, बसलाय." आणि फोन ठेवतो. माझा सगळा दिवस त्या एका शब्दावर निघतो.

तर मिरजेच्या वहिनी, चिपळूणचे काका, नागपूरच्या ताई आणि खोकणाऱ्या भाच्या, तुमच्याही दारात, गच्चीवर, बांधावर कुठलातरी शेंडा असेल. जरा बघा त्याच्याकडे. आणि मला लवकर लिहा, दिवाळीचा फराळ संपायच्या आत. मोठं पत्र नको. 'बसलाय' एवढं लिहिलंत तरी मला सगळं कळेल.